जावयाच्या गाडीला वाट

सांजसोबत ज्येष्ठ वसाहत,
औसा रोड, लातूर
५ जून २०२३

चि. उज्वलास,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. कानाचे मशीन तू पुन्हा कपाटात टाकलेस हे वाचून राग आला नाही, उलट बरे वाटले. फोनवर तू सारखी काय-काय करतेस आणि मी इकडे ओरडत राहतो. मग तुझी वहिनी आतून विचारते की नांदेडला भांडण चालू आहे का. त्यापेक्षा हे कागदावरचे बोलणे बरे. जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारणाऱ्या मास्तरणीला लिहिताना थोडी धास्ती वाटते, एवढेच.

आता मुख्य बातमी. आपली आक्का गाडी चालवायला लागली! हसू नकोस, अगदी खरे आहे. मुखेडकडच्या घरातून तिला इथे आणली तेव्हा गुडघे इतके गेले होते की बाजेवरून उठून ओट्यापर्यंत येणे म्हणजे तिला परगावी जाण्यासारखे होते. इथे बिल्डरने म्हाताऱ्यांसाठी बॅटरीगाड्या ठेवल्या आहेत. तो त्यांना माहितीपत्रकात गोल्फ कार्ट म्हणतो. गोल्फ तर सोडच, इथे धड गवतही नाही. वर छप्पर, चार माणसे बसतील एवढी जागा आणि आवाज म्हणून नाही. आम्ही म्हातारी माणसे वसाहतीच्या आत त्या स्वतःच चालवतो. सुरुवातीला आक्का मागे बसायची. एक दिवस तिने नीलम्माला सरकून बस म्हटले आणि चाकच हातात घेतले. पहिल्या दिवशी गाडी निघण्यासाठी तिने बैलाला करतात तशी जिभेने टचटच केली, ते अजून सगळी वसाहत सांगते. आता देऊळ, भोजनगृह, भाजीचा वाफा, कुठेही गेलो तरी आक्का आमच्या आधी पोचलेली असते.

ही नीलम्मा म्हणजे आमची शेजारीण, निलंग्याकडची. तिचे यजमान पंचाक्षरीअप्पा अर्धांग झाल्यापासून वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला शुश्रूषागृहात असतात. नर्सने चमचा पुढे केला की ते तोंड फिरवतात. बायकोच्या हातचाच घास घेतात. म्हणून नीलम्मा तिन्ही वेळेला डबा घेऊन जाते आणि सारथी आपली आक्का. ती कानडीत बोलते, ही मुखेडच्या भाषेत, आणि दोघींचे कधी काही अडत नाही.

तू काळजी करशील म्हणून सांगतो, समितीचा अध्यक्ष मी आहे आणि नियम माझे आहेत. पाहुण्यांच्या मोटारी फाटकावरच थांबतात, पाहुणा बॅटरीगाडीतून आत येतो. रहिवाशांच्या मोटारी गोगलगायीसारख्या चालतात. पिवळ्या रेघेच्या डावीकडून बॅटरीगाड्या. भोजनगृहाच्या वळणावर आधी बॅटरीगाडी, मोटारीने थांबायचे. तिथे मी समोर उभा राहून गतिरोधक बांधून घेतला. बांधकाम खात्यात उपअभियंता म्हणून उभी नोकरी गेली, पण मनासारखा गतिरोधक एकदाही बांधता आला नव्हता, तो इथे बांधला. लोक मला गतिरोधकसाहेब म्हणतात. म्हणू देत.

वहिनीचे आशीर्वाद. कानाला मशीन लावले नाहीस तरी चालेल, मनाला लावू नकोस. लोभ चालू ठेव.

तुझा,
दादा

नांदेड
१७ जून २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून एकटीच इतकी हसले की शेजारची बुद्धप्रिया दार वाजवून बघून गेली म्हणे. मला दार ऐकू आलंच नाही, ती खिडकीतून हात हलवत होती. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, आक्कांचा एक फोटो मागवा.

आक्का बैलगाडी घेऊन मुखेडच्या बाजाराला जायची ते तुला आठवत असेलच. तू मागे पोत्यांवर, मी तिच्या मांडीवर आणि आक्का कासरा धरून मधोमध. ट्रक आला तरी ती वाट सोडायची नाही. तिचं म्हणणं एकच असायचं, समोरच्याला डोळे आहेत ना. दादा, एवढीच काळजी वाटते. तू तिला नियम सांगितलास की मोटार थांबेल, तर ती धरूनच चालणार की मोटार थांबलीच. तुझ्या शब्दावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. तेव्हा तिला म्हणावं, नियम काहीही असो, वळताना मान वळवून बघत जा.

आणि तुझ्या नियमांना दृष्ट लागू नये, पण आपल्या घरचे नियम पाहुणा येईपर्यंतच टिकतात हा माझा अनुभव. पुढच्या महिन्यात धोंड्याचा महिना लागतोय. तुझी लेक वर्षाराणी आणि जावई बालाजीराव येतीलच धोंड्याच्या जेवणाला. बालाजीराव फाटकावर उतरून, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन बॅटरीगाडीतून येतायत असा फोटो काढून मला नक्की पाठव. मी फ्रेम करून भिंतीवर लावीन.

वहिनीला नमस्कार, आक्काच्या गुडघ्यांना तेल. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
उज्वला

लातूर
२५ जुलै २०२३

चि. उज्वलास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिभेला काळा तीळ आहे असे आक्का म्हणायची, ते खरे वाटू लागले आहे.

अधिक महिना लागला आणि वसाहतीत नुसती धांदल उडाली. बहुतेक घरी एक तरी जावई येणार. बायकांनी मला देवळात गाठले. त्यांचे म्हणणे असे की बाकी बारा महिने नियम पाळू, पण धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला फाटकावर उतरवायचे आणि कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी बसवून आणायचे, हे शोभते का? एका बाईने तर सांगितले की तिचे जावई गेल्या वेळी फाटकावरूनच परत गेले आणि लेक अजून बोलत नाही. सचिव साहेबराव तेवढे अडून बसले. ते म्हणाले की रस्त्याला कुणाचा जावई कळत नाही. शेवटी मी अध्यक्ष म्हणून तोड काढली. या महिन्यापुरती जावयाची गाडी दारापर्यंत.

गेल्या रविवारी बालाजीराव वर्षाराणीला घेऊन आले होते. नवी गाडी घेतली आहे, पांढरी, बुटकी, बघत राहावी अशी. भोजनगृहाच्या वळणावर माझ्या गतिरोधकावरून येताना तिचे पोट खालून घासले. आवाज मला गॅलरीत ऐकू आला. बालाजीराव काही रागावले नाहीत हो, हसूनच म्हणाले की मामांनी रस्ता बैलांसाठी बांधला आहे वाटते. पण वर्षाराणीचा चेहरा उतरला. जाताना ती घाईने माझ्या पाया पडली आणि थेट गाडीत जाऊन बसली. तुझ्या वहिनीने दोन दिवस मला चहा दिला तो बशीत अर्धा सांडलेला.

तेव्हा मी तो गतिरोधक फोडून घेतला. महिना संपला की पुन्हा बांधून घेईन, माप माझ्याकडे आहेच. ९ ऑगस्टला आपल्याकडे धोंड्याचे जेवण आहे. अनारसे आक्काच करणार, दुसऱ्या कुणाच्या हातचे तसे फुलत नाहीत. तूही ये. येत नाहीस हे माहीत आहे, तरी बोलावणे आमचे काम.

माया कमी करू नकोस.

तुझा,
दादा

नांदेड
३१ जुलै २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. मग हसू गेलं.

जावई दहावा ग्रह म्हणतात, पण ग्रहसुद्धा आपापल्या वाटेनं फिरतो रे. त्याच्या गाडीचं पोट घासलं म्हणून उपअभियंता स्वतः बांधलेला गतिरोधक फोडतो, हे मी शाळेत सांगितलं असतं तर पोरांनी मलाच वेड्यात काढलं असतं. वर्षाराणीचा चेहरा उतरला म्हणतोस. तिचा चेहरा लग्नानंतर कितीदा उतरला आणि तू दर वेळी काय काय फोडलंस, ते मी लिहीत नाही. वहिनी हे पत्र वाचेल.

नवऱ्याकडच्या माणसांचा मान मलाही कळतो. माझंही सासर होतं. पण दादा, त्या वळणावर आक्का दिवसातून सहा वेळा जाते. तिला कुणी सांगितलंय का, की इथे आता मोटार थांबायची नाही? तूच तिला सांगितलं होतंस की थांबते. एक माणूस उभा कर, दोरी बांध, दोन कुंड्या ठेव, काहीही कर. निदान तिला एवढं तरी सांग की गतिरोधक गेला आणि नियमही गेला.

येणार नाही. बसमध्ये कंडक्टर काय ओरडतो ते कळत नाही आणि मी औशाला उतरते. अनारशांचा डबा मात्र पाठव. रागावू नकोस, रागावलास तर लवकर विसर.

तुझी,
उज्वला

लातूर
१४ ऑगस्ट २०२३

चि. उज्वलास,
आशीर्वाद.

वाचायच्या आधी सांगतो, आक्काच्या जिवाला धोका नाही. घाबरू नकोस.

धोंड्याच्या दिवशी सकाळी ती नीलम्माच्या स्वयंपाकघरात अनारसे तळायला गेली होती, कारण आमच्या शेगडीवर पुरण होते. तिकडून परत येताना भोजनगृहाच्या वळणावर तिचा चाकावरचा हात सुटला आणि बॅटरीगाडी आडवी झाली. नेमके तेव्हाच बालाजीराव येत होते. त्यांनी ब्रेक दाबला, पण इलाज नव्हता. गाडी उलटली. आक्काचे खुब्याचे हाड मोडले. लातूरलाच शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर चांगले आहेत, समाधान आहे.

बालाजीरावांची अवस्था बघवत नव्हती. गाडीचा पुढचा दिवा फुटला, तोंडाचा सगळा भाग चेपला. बिचारे न जेवता गेले. तबकात ठेवायचे अनारसे रस्त्यावर सांडले, ते कावळ्यांनी नेले. तुझी वहिनी दिवसभर रडत होती, की धोंड्याच्या दिवशी जावई उपाशी गेला, याहून अपशकुन कोणता. वर्षाराणी त्यांच्याबरोबर गेली. पोचल्याचा फोन नाही.

आक्का मोठ्या मनाची. तिने स्वतःच डॉक्टरांना आणि साहेबरावांना सांगितले की माझा हात सुटला. तसा अंगठाही दिला. त्यामुळे पोलिसांपर्यंत काही गेले नाही. आता समिती बॅटरीगाड्यांचा विचार करणार आहे. या वयात माणसांनी गाड्या चालवाव्यात की नाही, असे बऱ्याच जणांची मुले विचारत आहेत.

एक विनंती. वहिनीच्या कंबरेचे तुला माहीत आहे, तिला उठबस करणे जमणार नाही. आक्काला काही महिने तुझ्याकडे ठेवून घेशील का? टाके निघाले की पाठवतो. तू नाही म्हणणार नाहीस म्हणूनच विचारतो आहे.

तुझा,
दादा

नांदेड
१२ सप्टेंबर २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आक्का नीट पोचली. बुद्धप्रिया आणि तिचा नवरा, दोघांनी उचलून पलंगावर ठेवली. तू बरोबर येशील असं वाटलं होतं. कपड्यांच्या बोचक्यात वहिनीनं नवं लुगडं ठेवलं होतं, ते आक्कानं बघून तसंच बांधून ठेवलं.

काल तिचे केस विंचरत होते. मला पाठमोरी होती म्हणून असेल, ती बोलली. मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलत होती आणि मोठ्यानं बोलताना माणसाला खोटं बोलता येत नाही. तिचा हात सुटला नव्हता. ती डावीकडून, रेघेच्या आतून आली. मान वळवून पाहिलं, लांब पांढरी गाडी दिसली, पण दादानं सांगितलंय तिथं मोटार थांबते, म्हणून वळली. गतिरोधक फोडलाय हे तिनं पाहिलं होतं. तिला वाटलं, नवा बांधायला फोडला. गाडी आली तशी सरळ आली.

आणि दवाखान्यात डॉक्टर यायच्या आधी तू तिच्या पलंगापाशी गेलास. तिचे पाय धरलेस. म्हणालास, वर्षाराणीचा संसार तुझ्या हातात आहे आक्का. जिचं हाड मोडलंय तिचे पाय धरायचे, हे तुला सुचलं कसं? ती कळवळली, ते तुला हो वाटलं का?

इथपर्यंतही मी गिळलं असतं. आपल्याच घरातलं आहे, आपल्याच बाईनं सोसलं. आपल्याकडे ते नवं नाही. पण परवा नीलम्माचा फोन आला, आक्कानं घेतला. तिच्या अंगठ्याचा कागद दाखवून तुम्ही सगळ्या बॅटरीगाड्यांच्या किल्ल्या जमा केल्यात. आता मोटारी दारापर्यंत जातात, अधिक महिना संपला तरी. सकाळी एक ड्रायव्हर एक फेरी मारतो. पंचाक्षरीअप्पा सकाळी जेवतात. दुपारी दाराकडे बघत राहतात आणि संध्याकाळीही.

दादा, फाशी कुणालाच होणार नाही. बालाजीरावांचं नाव घेऊ नकोस हवं तर. बैठकीत उभा राहा आणि एवढंच सांग की गाडी चालवणाऱ्या बाईची चूक नव्हती, गतिरोधक मी फोडला होता. किल्ल्या परत दे. गतिरोधक बांध, माप तुझ्याकडे आहे म्हणाला होतास.

उत्तर लवकर दे. लोभाचं त्यानंतर बघू.

उज्वला

लातूर
२० सप्टेंबर २०२३

चि. उज्वलास,
आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून रात्रीचे जेवण गेले नाही. नांदेडला बसून निकाल देणे सोपे असते. मी इथे रोज पन्नास तोंडांसमोर बसतो.

तू लेकीची आई नाहीस, म्हणून लिहितेस. वर्षाराणीला तिकडे काय ऐकावे लागते ते मला माहीत आहे. त्या दिवशी ती गेली ती आठ दिवस फोन उचलत नव्हती. आता कुठे बालाजीराव फोनवर दोन शब्द बोलू लागले आहेत. अशा वेळी मी बैठकीत उभे राहून सांगू की माझ्या जावयाने म्हातारीला उडवले? नाव घेऊ नकोस म्हणतेस. मग साहेबराव विचारणार की गतिरोधक कुणाच्या गाडीसाठी फोडला. ते आधीपासून टपून आहेत.

आणि आक्काने सांगितले ते तिच्या तोंडाने सांगितले. मी धरला तो तिचा पाय, तिची जीभ नाही. मोठ्या बहिणीने धाकट्या भावासाठी एवढे करणे यात अघटित काय आहे? तिने आपल्यासाठी याहून जास्त केले आहे आणि कधी बोलून दाखवले नाही. तू मात्र लगेच विंचरता विंचरता काढून घेतलेस.

गतिरोधक आता कुणालाच नको आहे. मुले मोटारी घेऊन येतात, दारात उतरतात, म्हाताऱ्यांना बरे वाटते. किल्ल्यांचे म्हणशील तर लोकांची मुलेच मागे लागली होती. नीलम्माने थोडे जुळवून घ्यावे. कुणाच्या मोटारीत बसून जावे. ती कुणाला विचारत नाही, हा तिचा हट्ट. आणि भूक लागली की माणूस कुणाच्याही हातचे खातो.

आक्काची काळजी घे. औषधांची चिठ्ठी सोबत आहे. राग ओसरला की लिही.

दादा

नांदेड
५ ऑक्टोबर २०२३

(दादा, हे मी लिहून घेते आहे. शब्द आक्काचे आहेत, मी एकही सुधारलेला नाही. उज्वला)

चि. भुजंगास,
केवळाबाईचा लई लई आशीर्वाद.

भुजंगा, मी बरी हाय. हाड जुळून राहिलंय मनतेत. उज्वला लेकरावानी भरवून राहिली मला. तिला सोताला ऐकू येत न्हाई आन वरडती माज्यावर, जशी मीच भैरी. बुद्धप्रिया येऊन पाय चोळून जाती. तिला तू नवं लुगडं दे मनलास तरी पुरं हुनार न्हाई, इतकं करती ती पोरगी.

तू उज्वलाला लई वंगाळ लिवलंस. लेकीची आई न्हाई मनून. तसं तर मी बी न्हाई कुनाची आई. पर माय गेली तवा उज्वला रांगत हुती, आन मपल्या कडंवर तू आन उज्वला, आसं दोघं वाढलाव. तवा तुजं तोंड उतरलं की मला आजून बघवत न्हाई. दवाखान्यात तू पाय धरलास, म्या हाव मनले. जावयाबद्दल माज्या मनात काय बी न्हाई. त्याला बी धक्का बसला आसंल, जवान मानूस हाय. माज्या एकटीच्या हाडाचं आसतं तर म्या मरंपोतर तोंड उघडलं नसतं.

पर नीलम्मा फोनवर रडून राहिली रे. परवा ती दुपारचा डबा घेऊन पायी निगाली. तू मनतूस मोटारीत बस. कुनाच्या बसावं तिनं? सुट्टीचा दिस हुता, मोटारीवर मोटारी. वळनावर कडंला हुबी ऱ्हाईली, कोन थांबंना. डबा निवला तवा माघारी आली. आप्पानं त्या दिवशी पान्याचा घोट बी नर्सच्या हातचा घेतला न्हाई. ती मला मनली की केवळाबाई, तुजा हात सुटला मनून माजी गाडी गेली. म्या फोन खाली ठिवला. आजपोतर मी कुनाचा फोन आसा ठिवला न्हाई.

भुजंगा, म्या खोटं बोलले ते मपल्या हाडाचं. दुसरीच्या नवऱ्याच्या घासाचं खोटं बोलायला म्या कवा हाव मनले? ते तू मला इचारलंच न्हाईस.

तवा आता सांगते, चोरून करत न्हाई. दसऱ्यापोतर वाट बगते. तू सोता सांग आन किल्ल्या दे. न्हाई सांगितलंस तर म्या साहेबरावाला फोन लावनार आन झालं तसं सांगनार. तुला वाईट वाटंल. मला बी वाटंल. वर्षाराणीला, जावयाला आशीर्वाद सांग. जेवत जा येळंवर.

केवळाबाई

लातूर
३० ऑक्टोबर २०२३

चि. उज्वलास,
आशीर्वाद.

हे पत्र आक्काला वाचून दाखवण्याआधी तू एकटीने वाच आणि काय सांगायचे, काय नाही, ते तुझ्या शहाणपणाने ठरव.

पंचाक्षरीअप्पा गेले. बरेच दिवस खाणे सुटले होते. डॉक्टर म्हणाले की वय झाले होते, कशाने असे एक कारण सांगता येत नाही. नीलम्मा दुपारी डबा घेऊन पायीच निघाली होती. भोजनगृहाच्या वळणावर धाप लागून खाली बसलेली कुणाला तरी दिसली. तिला पोचवले तोवर उशीर झाला होता. मी स्वतः सगळी व्यवस्था बघितली, मातीलाही गेलो. ती आता निलंग्याला पुतण्याकडे गेली आहे. खोली रिकामी केली. जाताना माझ्याशी बोलली नाही, पण दुःखात माणूस असे वागते. असो. तिच्या जाण्यायेण्याचा जो प्रश्न होता, तो आता राहिलेला नाही.

आक्काने दसरा होताच साहेबरावांना फोन केला. कळवले होते तरी मला वाटले होते, ती करणार नाही. साहेबरावांनी बैठकीत तिचे सगळे बोलणे जसेच्या तसे सांगितले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. उज्वला, त्या वेळी माझे काय झाले असेल याचा एकदा तरी विचार कर. मला काहीतरी सांगणे भाग होते. मी सांगितले की भूल दिल्यापासून आक्काच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. माणसे ओळखत नाही, झाले-न झाले एक करते. साहेबरावांना लेखी हवे होते, ते मी सख्खा भाऊ म्हणून लिहून दिले. समितीने ते मान्य केले आणि विषय संपला. यात कुणाचेच नुकसान नाही. आक्का आता इथे राहत नाही, तिला कोण काय म्हणते याने तिला फरक पडायचे कारण नाही. वर्षाराणीचे मात्र भले झाले. परवाच तिचा फोन आला, हसत होती.

दिवाळी तोंडावर आली. भाऊबीजेला मी नांदेडला येतो आहे. बालाजीरावांनी आपणहून गाडी देऊ केली आहे, दुरुस्त होऊन अगदी नव्यासारखी झाली आहे. त्यांचे मन किती मोठे, ते यावरून बघ. वहिनीने आक्कासाठी मोरपंखी लुगडे घेतले आहे. आधीचे तिने बांधून ठेवले असे तू लिहिले होतेस, हे नक्की नेसेल. तुझ्यासाठीही आणतो.

झाले गेले विसरून लोभ धरावा, एवढेच मागणे.

तुझा,
दादा

नांदेड
९ नोव्हेंबर २०२३

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात उचलत नाही, तेव्हा तसंच सुरू करते.

एकटीनं वाच म्हणालास. मी ऐकलं नाही. पलंगापाशी बसून सगळं पत्र आक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. अप्पांपाशी आले तेव्हा तिनं हात वर केला आणि पाणी मागितलं. पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही. मग म्हणाली, पुढं वाच.

तू लिहून दिलंस ते वाचलं तेव्हा मला वाटलं ती रडेल. तिनं दोनदा विचारलं की हे भुजंगाच्याच हातचं अक्षर आहे का. मी कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही, तरी ती बराच वेळ बघत राहिली. मीच तावातावानं बोलत होते की साहेबरावांना मी लिहिते, डॉक्टरांचा दाखला घेते, तुझी बहीण शहाणी आहे हे सिद्ध करते. ती नको म्हणाली. कुणासाठी करायचं, अप्पा तर गेले, म्हणाली. निलंग्याला फोन लावून मागितला. नीलम्मानं घेतला नाही. तेव्हापासून रोज सकाळी लावते, तिकडून कुणी घेत नाही.

आज मला बोलावून म्हणाली, भुजंगाला एवढं लिही. तिच्याच शब्दांत लिहिते.

आक्का म्हणते, भुजंगानं लिहून दिलंय तर खरंच आसंल, तो शिकलेला हाय. माजं डोकं फिरलंय. मला मानसं वळकू येत न्हाईत. तवा भाऊबीजेला त्याला येऊ नको मनावं. ताट घेऊन ओवाळायला बसले आन म्होरं पाटावर कोन बसलाय तेच मला आठवलं न्हाई, तर चार मानसांत त्याचीच बेइज्जती हुईल.

उज्वला